टाकी शंभर टक्के

आमच्या गावच्या टाकीत पाणी किती आहे, हे पाहायला पूर्वी हौशीरामभाऊ शिडीने वर चढत, आत डोकावत आणि खाली येऊन मोटर चालू करत. ही पद्धत अशास्त्रीय असल्याचं वरच्या कार्यालयाच्या लक्षात आलं. तिच्यात एक माणूस, एक शिडी आणि दोन डोळे वापरले जात होते, आणि त्यांपैकी कशाचीही निविदा निघालेली नव्हती.

म्हणून टाकीत सेन्सर बसला. त्याची वायर ग्रामपंचायतीत माझ्या टेबलावरच्या एका डबीत आली. डबीचं नाव डिव्हाइस सर्व्हर. सेन्सर वायरीतून आकडा सांगणार, डबी तो ऐकून नेटवरून तालुक्याला कळवणार, आणि टाकी रिकामी दिसली की मोटर तालुक्यातूनच चालू होणार. मी आदिनाथ, पंचायतीचा संगणक परिचालक. डबीवरची धूळ पुसणं माझ्याकडे होतं. शिडी साहेबांच्या आदेशाने जप्त झाली.

उद्घाटनाला टाकी काठोकाठ भरली होती. पाहुणे यायचे म्हटल्यावर टँकर लावून भरावीच लागते. पडद्यावर शंभर टक्के उमटलं, टाळ्या पडल्या, आणि तेवढ्यात मोठ्या साहेबांची नजर डबीच्या सेटिंगवर गेली.

"हे चोवीसशे काय आहे?"

"पोर्टचा वेग, साहेब," कंपनीचा पोरगेला इंजिनिअर म्हणाला.

"चोवीसशे? बैलगाडी आहे का ही? सगळ्यात मोठा आकडा कोणता?"

"एक लाख पंधरा हजार दोनशे. पण साहेब, सेन्सर चोवीसशेनंच बोलतो. दोन्हीकडे वेग सारखा नसला तर डबीला काही कळणार नाही."

"मग सेन्सरला पत्र द्या. माझ्या कारकिर्दीत कुठलंही काम मंद चालणार नाही."

मोठा आकडा टाकला गेला. पुन्हा टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू!

त्या क्षणापासून डबीला सेन्सरचं अक्षर कळेना. पण यंत्रणा हुशार होती. न कळणारा आकडा आला, की आधीचा कळलेला आकडा कायम धरायचा, असा तिचा नियम होता. आधीचा आकडा उद्घाटनाचा. त्यामुळे टाकी शंभर टक्के भरलेली राहिली, मोटर बंद राहिली, आणि पाचव्या दिवशी वरच्या आळीचे नळ कोरडे पडले.

वरच्या आळीत भामाबाई राहते. तिची सून यशोधरा आठ महिन्यांची गरोदर. मुलगा आंबीच्या कारखान्यात, पहाटे जातो तो रात्री येतो. दोघी बायका उतारावरून ओढ्याला जायच्या आणि हंडे घेऊन चढायच्या. मी रीतसर तक्रार भरली. अर्जात 'टाकीतील सध्याची पातळी' हा रकाना आपोआप भरला गेला: शंभर टक्के. उत्तरही आपोआप आलं. टाकी भरलेली असल्याने तक्रार निकाली.

मग सेटिंग बदलायची परवानगी मागितली. उत्तर आलं, 'बदलाचे कारण काय? टाकी भरलेली आहे.'

एकविसाव्या दिवशी कार्यालयाच्या ध्यानात आलं, की या गावाने तीन आठवड्यांत टाकीतलं थेंबभरही पाणी खर्च केलेलं नाही. जलबचतीचा पुरस्कार जाहीर झाला. समारंभ लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये, पोहण्याच्या तलावाकाठी झाला. ढाल मी घेऊन आलो. ती ठेवायला जागा नव्हती, म्हणून डबीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी भामाबाई रिकामा हंडा घेऊन पंचायतीत आली आणि तो तिने माझ्या टेबलावर दाणकन आदळला.

"आदिनाथा, काल सून घसरली वाटंत. थोडक्यात वाचली. काय बिगडलंय, ते तरी सांग."

"एक आकडा चुकलाय, मावशी."

"एकच?"

"एकच."

"तुला दुरुस्त कराया येतं?"

"येतं. मिनिटभराचं काम आहे. पण आदेश नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला लाज वाटली, पण लाज वाटल्यावर काय करायचं याबद्दलही आदेश नव्हता.

"कुटला आकडा, दाव."

मी सेटिंग उघडली आणि बोट दाखवलं. बोट दाखवायला परिपत्रकात मनाई नाही. तिने माझ्या हातातला माऊस घेतला. "आयुष्यभर तुमच्या कागदावर आंगठं दिलं, आता ह्याच्यावर देते," म्हणाली आणि मी सांगितलं तिथं दाबलं.

पडद्यावर चार टक्के आलं. तालुक्यातून मोटर सुरू झाली. संध्याकाळपर्यंत टाकी खरोखर भरली, आणि वरच्या आळीत बायकांनी नळाला हळदकुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याहून जीप आली. यंत्रणेने नोंदवलं होतं, की लाख लिटरची टाकी एका मिनिटात शंभर टक्क्यांवरून चारवर आली. म्हणजे शहाण्णव हजार लिटर पाण्याची चोरी. त्या मिनिटाला यंत्रणेला हात कोणी लावला? भामाबाईने. घराचा पंचनामा झाला. दोन हंडे आणि एक कळशी सापडली. "उरलेलं पाणी कुठं दडवलं?" साहेबांनी विचारलं.

"आदिनाथ हुता की तितं! सांग की रं ह्यास्नी," भामाबाई म्हणाली. दारात यशोधरा कमरेवर हात ठेवून उभी होती.

माझी नोकरी कंत्राटी आहे. मी पंच म्हणून सही केली.

हंडे आणि कळशी जप्त झाली. चौकशी होईपर्यंत सगळं पूर्ववत ठेवण्याचा आदेश आला. हा आदेश मात्र लेखी होता, त्यामुळे मी तत्काळ एक लाख पंधरा हजार दोनशे टाकले. त्या वेळी टाकी भरलेली होती. पडद्यावर शंभर टक्के कायम झालं, ते आजतागायत आहे. नळ सहाव्या दिवशी गेले. यशोधरा आता शेजारणीची घागर मागून ओढ्याला जाते.

परवा वाटेत भामाबाई भेटली. शिव्या देईल वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, "तुज्या घरी पाणी येतंय न्हवं?"

येतं. आमच्या परसात बोअर आहे.

तुमच्याही घरी येत असणार. इथवर हसत हसत वाचत आलात, त्यावरूनच कळलं.