हयातीचे तीस दिवस

माधवनगरच्या नाथाजींनी गंभीर आजाराचा विमा निवडला तो रीतसर तुलना करून. विमा प्रतिनिधी कुणालने दोन पॉलिस्या पुढे ठेवल्या. एकीत बारा आजार होते, दुसरीत चाळीस. नाथाजींनी चाळीसवाली उचलली. हप्ता भरायचाच, तर आजारांत काटकसर कशाला?

"आवं, ह्यातलं तुमाला हुनार काय हाय?" पत्नी बनुबाईंनी विचारले.

"असू दे घरात. कवा काय लागंल, सांगता येतंय व्हय?"

कुणालने बोट ठेवले तिथे नाथाजींनी सह्या केल्या, एकूण सतरा. पंचायत समितीत पस्तीस वर्षे लिपिक असताना त्यांनी स्वतः असेच बोट ठेवून हजारोंच्या सह्या घेतल्या होत्या. सहीआधी मजकूर वाचू पाहणाऱ्याला ते अडाणी समजत.

दीड वर्षाने त्यांना हृदयविकाराचा झटका आला. महिनाभर औषधे घ्या, मग शस्त्रक्रिया करू, असे डॉक्टरांनी सांगितले. शस्त्रक्रियेची सगळी मदार विम्यावर होती. कुणालने फोनवर एकोणिसावी अट वाचून दाखवली.

"काका, आजार कळल्यापासनं तीस दिवस तुमी जिवंत ऱ्हायला पायजे."

"आन् न्हाई ऱ्हायलो तर?"

"मग दावा बाद."

नाथाजींना यात गैर काही दिसेना. हयातीचा दाखला नाही म्हणून त्यांनी किती म्हातारी माणसे परत पाठवली होती! 'प्रत्यक्ष हजर राहावे' हा शेरा त्यांच्या खास आवडीचा. तेव्हा त्यांनी रोज कंपनीच्या सांगलीतल्या कार्यालयात प्रत्यक्ष हजर राहायचे ठरवले.

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होते आणि लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती. नाथाजी रोज जिने चढत आणि अभ्यागतांच्या नोंदवहीत लिहीत, 'नाथाजी, हयात, सकाळी अकरा.' बाराव्या दिवसापासून ते प्रत्येक मजल्यावर टेकू लागले. बाविसाव्या दिवशी बनुबाई पाण्याची बाटली आणि स्टूल घेऊन मागोमाग निघाल्या.

"आवं, घरी निजून जित्तं ऱ्हायलं तर चालत न्हाई व्हय?"

"घरच्या हयातीला पुरावा न्हाई," नाथाजी धापा टाकत म्हणाले.

एकतिसाव्या दिवशी शाखाधिकारी नीलिमा मॅडमनी उठून त्यांचे अभिनंदन केले आणि पत्र हाती दिले. 'विमेदार सलग तीस दिवस तीन जिने चढल्याचे नोंदवहीवरून सिद्ध होते. सबब सदर झटका अटीत नमूद केलेल्या तीव्रतेचा नाही. दावा नामंजूर.'

"आन् जिन्यातच गेलो असतो तर?"

"तर तीव्रता मान्य झाली असती, काका. पण मग हयातीची अट मोडली असती."

नाथाजींनी पत्र पुन्हा वाचले. मजकुरात एक काना-मात्रा इकडची तिकडे नव्हती. इतके नेटके पत्र एरवी त्यांनीच लिहिले असते. मग, झटका आला तेव्हा वाटली नव्हती एवढी भीती त्यांना वाटली.

"वाचून सही करायची हुती वं," बनुबाई डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या.

"पत्र पोचल्याची सही करा. इथे," मॅडमनी कागदावर बोट ठेवले. नाथाजींनी सही केली. वरचे तीन परिच्छेद त्यांनी वाचले नाहीत.

हसलात? हसा खुशाल. पण तुमच्या पॉलिसीची एकोणिसावी अट काय आहे, तेवढे सांगा. बरे, ते राहू द्या. पॉलिसी कुठे ठेवली आहे, ते तरी आठवते का?