इंदिराचा पंखा

त्या दिवशी म्हैसूरवर आभाळ असं उतरलं होतं, की जणू कोणी पांढरं कापड राखेच्या पाण्यातून काढून चामुंडीच्या टेकडीच्या डोक्यावर वाळत घातलंय. पाऊस नाही, वारा नाही. अंगणातल्या कढीपत्त्याचं पान हलत नव्हतं. मी शाल पांघरून दुपारचा ओसरीवर बसलो होतो, आणि आतल्या खोलीत पंखा फिरू लागला.

ती खोली इंदिराची, माझ्या बायकोची. तिला जाऊन वर्ष होऊन गेलं. घरात मी एकटा, आणि पंखा मी लावलेला नव्हता.

भ्यालो का? भ्यालो. (एवढा, की चपला घालूनच देवघरात शिरलो.)

इथं पेटीची गोष्ट सांगायला हवी. माझा मुलगा रविकिरण बंगळुरात सॉफ्टवेअर लिहितो. तो म्हणतो, "अप्पा, वेब होस्टिंग म्हणजे आपलं सामान परक्याच्या घरी ठेवणं. किल्ली आपली, पण दार त्यांचं. मला ते सेफ वाटत नाही." म्हणून त्यानं एक काळी पेटी आणून माझ्या कपाटावर ठेवली. त्याची वेबसाइट तिच्यात राहते म्हणे. मी कान लावून पाहिला. आत कोणीतरी राहतं हे खरं. धाप लागल्यासारखा आवाज येतो.

त्याची आई गेल्यावर त्यानं त्याच पेटीला घरातले दिवे, पंखे आणि खोलीखोलीत एकेक कॅमेरा जोडला. तिकडून मला बघायला, ऐकायला. अट एकच घातली, "सिक्युरिटीत काही गडबड झाली, तर मी तुम्हाला इकडे आणणार." इकडे म्हणजे अठराव्या मजल्यावर. तिथून खाली पाहिलं की गाय मुंगीएवढी दिसते. मला हे घर सोडायचं नव्हतं.

लाइट जाऊन आली, की फोन नेटचा पासवर्ड मागतो. रवीनं तो आपल्या फोनवर दाखवला आणि बजावलं, "अप्पा, कागदावर लिहायचा नाही." मी शाळेत गेलेलो नाही. आम्ही रंगारी, कापडावर ठसे उठवणारे. इंग्रजी अक्षर मला कापडावरच्या बुट्टीसारखंच दिसतं. त्या पासवर्डात एक जिलबी होती, एक चांदणी होती, एक चौकट होती. फार देखणी नक्षी. मी कागदाला हात लावला नाही. सागवानाचा ठसा कोरला (उलटा कोरावा लागतो, तेव्हा सरळ उठतो) आणि पंच्याच्या काठावर उठवून पाहिला. काठ असा शोभला, की इंदिराच्या वर्षश्राद्धाला गल्लीतल्या सगळ्यांना मी तेच पंचे छापून दिले.

तर, पंखा. मी खोलीच्या उंबऱ्यावर उभा राहून म्हणालो, "इंदिरा, तू असशील तर दिवा लाव."

दिवा लागला.

मी दाराची चौकट धरली. पण खरं सांगू? थोड्या वेळानं बरंही वाटलं. मग रोज दुपारी मी तिच्या खाटेवर जाऊन बसू लागलो. एकदा म्हणालो, "सकाळची गोळी घेतली का, आठवत नाही गं. घेतली असेल तर पंखा लाव." पंखा लागला नाही. जाऊन पाहतो तर गोळी डबीत तशीच. अंगावर काटा आला, आणि गोळी पोटात गेली.

एका सोमवारी मात्र माझी जीभ सैल सुटली. शेजारच्या वनजाबाई इंदिराच्या जिवाच्या मैत्रीण. रोज मला डब्यातून सारू, म्हणजे आपली पातळ आमटी, पाठवतात. त्या दिवशी डबा त्यांची सून सुष्मा देऊन गेली. मी हळूच विचारलं, "इंदिरा, वनजाबाईंचा सारू म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. होय की नाही? होय तर दिवा लाव."

पंखा थांबला. देवघरातला बल्ब विझला. कपाटावरच्या पेटीची धाप बंद झाली. शेजारी सुष्माचा मिक्सर चालू होता, गल्लीत लाइट होती, फक्त माझं घर गप्प झालं. मी अंधाऱ्या खोलीत हात जोडून म्हणालो, "बरं, बरं. चांगला असतो." तेव्हा कुठे पेटी धापा टाकू लागली.

त्या रविवारी रवी येऊन थडकला. "अप्पा, कोणाचा तरी फोन रोज दुपारी आपल्या सिस्टिममध्ये येतोय."

"येऊ दे. आई आहे ती."

"आईकडे फोन कुठाय?"

"तिला आता फोन कशाला लागतो?"

त्यानं माळ्याकडे बोट केलं. मग म्हणाला, "बॅग भरा. आजच निघायचं." मी बॅग काढली. तिची चेन लागत नाही, असं सांगून पाहिलं. त्यानं लावून दाखवली.

तेवढ्यात वनजाबाई डबा घेऊन आल्या. डबा गरम, म्हणून पंच्यात धरलेला. रवीनं काठ पाहिला आणि एकेक अक्षर वाचू लागला. वाचता वाचता त्याचं तोंड कोऱ्या कापडासारखं झालं.

"मावशी, हे कुठून आलं?"

"अय्यो, वर्षश्राद्धाचा पंचा. सुष्मा म्हणाली, भावजींनी इंदिराच्या नावानं गल्लीला फुकट नेट दिलंय. मी काठावरचा पासवर्ड फोनमध्ये घातला तर नेट आलं, आणि मागोमाग भावजींचं घरही आलं."

"नेटला आणि घराच्या सिस्टिमला एकच पासवर्ड मीच ठेवला," रवी पुटपुटला.

"बटण चुकून दाबलं गेलं रे. पण भावजी इंदिरा म्हणून हाक मारायला लागले. मग कुठल्या तोंडानं सांगू? आणि गोळी विसरतात. तुझ्या त्या मजल्यावर गोळीकडे कोण बघणार, तू ऑफिसात गेल्यावर?"

रवीनं आपला फोन काढला. मग त्यानं पासवर्ड बदलला, वनजाबाईंच्या फोनला फक्त गोळीची डबी दिसेल असं काहीतरी केलं, आणि बॅग माळ्यावर टाकली. नवा पासवर्ड मला दाखवला नाही. (मी लाकूड तासून ठेवलं होतं.)

तो गेल्यावर मी कुंपणापाशी गेलो. वनजाबाई मोगऱ्याला पाणी घालत होत्या. म्हटलं, मन मोकळं करावं.

"वनजाबाई, त्या सोमवारी तुम्ही सगळं घर बंद केलंत, ते बरोबरच केलंत. सारूला भांडी विसळलेलं पाणी म्हणायला नको होतं मी."

त्यांच्या हातातला तांब्या थांबला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागं, इंदिराच्या खिडकीकडे. मग हळू म्हणाल्या, "सोमवारी मी नंजनगूडला देवळात होते, भावजी. फोन घरी बंद पडला होता. पण थांबा, माझ्या सारूला तुम्ही काय म्हणालात?"