दुर्पता माकडीण आणि थांबगोळी

बसा बाळांनो, मांडी घालून बसा. शेपट्या असतील तर आवरून घ्या.

एका जंगलात, जिथे रस्ते नव्हते पण रूढी भरपूर होत्या, दुर्पता नावाची माकडीण राहत होती. ती टोळीतली थोरली सून. तिच्यासारखी मऊसूत पुरणपोळी पंचक्रोशीत कुणाला जमत नसे. वनदेवीच्या जत्रेला नैवेद्य तिच्याच हातचा लागे. तो देवीला लागे की माकडांना, हे देवीला कुणी विचारले नव्हते.

पण एक अडचण होती. महिन्यातले काही दिवस माकडिणीने चुलीला शिवायचे नाही, देवीपाशी जायचे नाही, लांबच्या खडकावर बसायचे, असा तिथला नियम होता. अशा वेळी सगळे म्हणत, "तिला कावळा शिवला." जंगलातला कावळा बिचारा शपथेवर सांगे, "मी कुणाला शिवलो नाही हो, मी तर मामाकडे गेलो होतो." त्याचे कोण ऐकतो!

नियमही मोडायचा नाही आणि पुरणपोळीही सोडायची नाही. यावर दुर्पताच्या सासूने, गोदाक्काने, तोड काढली होती. थांबगोळी! ढोलीत औषधांचे दुकान चालवणाऱ्या कोल्ह्याकडे ती मिळे. खरे तर डॉक्टर साळिंदरबाईंची चिठ्ठी पाहिल्याशिवाय ती द्यायची नसते. पण कोल्हा मनाचा फार मोठा. तो म्हणे, "चिठ्ठी कशाला, आक्का? घरचीच माकडं आपण."

गोळ्या घेतल्या की पाळी लांबे. बंद केल्या की दोन-चार दिवसांत येई. एवढेच सगळ्यांना ठाऊक होते. बाकीचे पाकिटातल्या कागदावर बारीक अक्षरांत छापलेले होते, आणि त्या कागदात माकडे शेंगदाणे बांधून नेत.

जत्रा आली, घे गोळी. दिराचे लग्न निघाले, घे गोळी. नणंदेचे डोहाळजेवण, घे गोळी. नव्या फांदीची वास्तुशांत, घे गोळी. सणांना काय, ते येतच राहतात. पाकिटात मात्र एखाददुसरी गोळी नेहमी कमी भरे. "उंदरांनी नेली असेल," गोदाक्का म्हणे आणि उगाच दुसरीकडे बघे.

दुर्पताचे वय आता उताराला लागले होते. पाळी कधी दडी मारी, कधी आली की जायचे नावच घेत नसे. भर थंडीत अंगातून वाफा निघत. शेजारची मुंगशीण म्हणाली, "अगं, मग दोन-दोन घे." दुर्पताने दोन-दोन घेतल्या.

एके सकाळी तिची डावी पोटरी सुजली. हात लावला तर गरम लागे.

"तिळाचं तेल लावून चोळ," नवरा म्हणाला.

"या वयात दुखायचंच," सासू म्हणाली.

पण फांदीवर चढताना तिला धाप लागली, तेव्हा मात्र दुर्पता घाबरली. आपण मेलो तर? पुरणपोळ्या कुणीतरी शिकेल, पण माझ्या पोरीला कोण बघेल? ती कुणालाही न सांगता, पाय ओढत साळिंदरबाईंकडे निघाली.

बाईंच्या अंगावरच्या सुया बघून सगळे अर्ध्या वाटेतून परत फिरत. सुया फारशा टोचत नसत. प्रश्न मात्र टोचत.

"गोळी कुणी दिली? किती दिवस घेतेस? आधी कधी रक्ताची गाठ झाली होती? आईला, मावशीला? यकृताचा काही त्रास? छातीत गाठ? मधेच रक्त जातं का? दुसरी औषधं कुठली चालू आहेत? दिवस तर गेले नाहीत ना, ते तपासलंस?"

दुर्पता रडकुंडीला आली. "कोल्ह्यानं यातलं काहीच विचारलं नाही हो."

"मग काय विचारलं?"

"पिशवी आणलीय का."

साळिंदरबाईंनी पाय तपासला. पोटरीत रक्ताची गाठ धरली होती. "चोळला नाहीस, हे बरं केलंस. आता इथून हलायचं नाही," त्या म्हणाल्या आणि उपचार सुरू केले.

धाप ओसरल्यावर दुर्पताने विचारले, "म्हणजे ती गोळी विषारीच म्हणायची?"

"गोळीला कशाला नावं ठेवतेस? फार रक्त जाणाऱ्या कितीतरी जणींना मीच देते. पण आधी तपासते. कुणाला चालेल, कुणाला नाही ते बघते. किती घ्यायची आणि कधी थांबायचं ते सांगते. तुला मात्र ती आता वर्ज्य. तुझ्यासाठी दुसरा उपाय बघू."

दुर्पता बरी होऊन घरी आली. पुढे जत्रा तोंडावर आली, आणि नेमकी तेव्हाच तिची पाळी आली. कावळ्याने पुन्हा कानावर हात ठेवले.

टोळीची सभा भरली. म्होरक्या गोड आवाजात म्हणाला, "दुर्पताबाई, देवीचं काम आहे. थोड्याशा गोळ्यांनी काय होतंय?"

दुर्पता लांबच्या खडकावरूनच बोलली. "गेल्या साली ढोलवाल्या अस्वलानं मध खाऊन पोट बिघडवलं. जत्रा आठवडाभर पुढे गेली. अस्वलासाठी देवी थांबते, मग माझ्यासाठी का थांबणार नाही? मी गोळी घेणार नाही. मला जगायचंय."

अस्वल आपल्या ढोलाची दोरी तपासू लागले.

शेवटी जत्रा पुढे ढकलली. आभाळ कोसळले नाही. नियमच मोडावा, असे मात्र कुणाला सुचले नाही. जंगलाला एका वेळी एकच गोष्ट सुचते, बाळांनो.

संध्याकाळी गोदाक्का काठी टेकत त्या खडकाशी आली. आजवर तिथे सासू कधी फिरकली नव्हती. ती चक्क सुनेला खेटून बसली.

"दुर्पते, ते गोळ्या नेणारे उंदीर... ती मीच गं."

"तुम्ही? तुमची पाळी जाऊन तर किती वर्षं झाली!"

"म्हणून तर. आता मधूनच परत रक्त दिसतं. या वयात कुणाला सांगायची लाज वाटते. म्हटलं, तुझं थांबतं तर माझंही थांबेल."

दुर्पताला सासूचा रागही आला आणि मायाही दाटून आली. तिने म्हातारीचा हात घट्ट धरला. "आक्का, आता एकही गोळी घ्यायची नाही. उद्या उजाडताच साळिंदरबाईंकडे जायचं. मी येते बरोबर."

गोदाक्काने लहान पोरीसारखे विचारले, "सुया फार टोचतात का गं?"

तात्पर्य : औषध नेहमी कोल्ह्याकडूनच घ्यावे. तो काही विचारत नाही, त्यामुळे आपल्याला काहीही झालेले नाही हा समज शेवटपर्यंत टिकतो. साळिंदराकडे गेलात की प्रश्न निघतात, प्रश्नांतून दुखणी निघतात, आणि एखादी सून तर चक्क जगायचेच म्हणते. मग साक्षात देवीला थांबावे लागते. एवढा खटाटोप सांगितलाय कुणी?