सेक्शन ऑफिसर गुप्ते यांचा दरवळ

समन्वय विभागाच्या लिफ्टमध्ये तेरा माणसं मावतात. चौदावा चढला की लिफ्ट दार बंद करून घेते आणि तिथेच उभी राहते.

उपसचिव हेमलता सोनावणे यांना कोविडनंतर वास येत नाही. घरी दूध करपलं की शेजारीण फोन करून सांगते.

'कार्यालयाच्या आवारात धूप, उदबत्ती, लोबान वा तत्सम पदार्थ जाळणे, पेटवणे किंवा अन्य प्रकारे त्यांचा दरवळ निर्माण करणे यास मनाई आहे.' हे परिपत्रक निघालं त्याच्या आदल्या आठवड्यात एका उदबत्तीने पंचवार्षिक आढाव्यातली चार वर्षं जाळली होती. पाचवं वर्ष तेव्हा दुसऱ्या मजल्यावर सहीला गेलेलं होतं.

दिल्लीच्या द्वारकेतल्या एका सोसायटीत दारांवर 'अवर सचिव (निवृत्त)' अशा अठरा पाट्या आहेत. 'सेक्शन ऑफिसर (निवृत्त)' अशी एकही नाही. त्या पदावरून निवृत्त झालेली माणसं पाटीवर नुसतं आडनाव लिहितात.

बाटलीवर इंग्रजीत दोनच शब्द होते. त्यांचा अर्थ: सर्वांसाठी.

*

शशिकांत गुप्ते कस्तुरबा गांधी मार्गाच्या मागच्या बाजूला, समन्वय विभागात सेक्शन ऑफिसर होते. एकतीस वर्षं नोकरी झाली होती. एकतीस ऑक्टोबरला निवृत्ती होती. मे महिन्यात बढतीची समिती बसणार होती आणि ज्येष्ठतेच्या यादीत अवर सचिवपदासाठी वरचं नाव त्यांचंच होतं. अट एकच: चौकशी प्रलंबित नसावी. चौकशी असेल तर समिती आपला निर्णय सीलबंद लिफाफ्यात ठेवते आणि चौकशी संपली की लिफाफा उघडते. त्याआधी माणूस निवृत्त झाला तर लिफाफाही निवृत्त होतो.

एप्रिलमध्ये त्यांची मुलगी उल्का, जी गुरुग्रामला नोकरी करते, कंपनीच्या कामासाठी परदेशी जाऊन आली आणि तिने वडिलांसमोर एक काळी बाटली ठेवली. झाकणाला आतून काचेची काडी होती.

गुप्त्यांनी वास घेतला. "उदबत्तीचं पाणी आहे का हे?"

"बाबा, परफ्यूम आहे. इन्सेन्स-बेस्ड. युनिसेक्स."

"म्हणजे पुरुषांचं की बायकांचं?"

"दोघांचं. म्हणजे स्पेसिफिकली कुणाचंच नाही. यार, तुम्ही फाइल नका करू ना त्याची, लावा बस."

त्यांनी लावलं. बायको अलकनंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली, त्यांच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "अहो, जेवायला वाढू की निरांजन आणू?"

दुसऱ्या दिवशी बाटलीतली पातळी गुप्ते सोडून गेले होते त्यापेक्षा खाली होती. अलकनंदा त्यांच्या द्वारकेतल्या सोसायटीच्या मीटिंगला निघाली होती आणि तिच्या कानामागून तोच वास येत होता. याविषयी दोघांनीही काही बोलायचं नाही असं न बोलता ठरलं.

उल्काने त्यांना वास घ्यायलाही शिकवलं. मनगटावर मनगट घासायचं नाही. लगेच मत द्यायचं नाही. वीस मिनिटं मिरी आणि संत्र्याची साल, मग धूर, मग दुपारनंतर जुनं लाकूड. गुप्ते टेबलाशी बसून मनगट नाकापाशी नेत आणि कुठपर्यंत आलं ते पाहत. एका दिवसात तीन टप्पे. त्यांची स्वतःची सेवा एकतीस वर्षांत दोन टप्पे सरकली होती.

*

पहिल्या दिवशी लिफ्टमध्ये ते धरून तेरा जण होते. वर पोचेपर्यंत बाकीच्या बारांनी खोल श्वास घेतला.

लेखा शाखेचे नसीम कुरेशी उतरता उतरता म्हणाले, "गुप्तेजी, आज जुम्मेरात. दर्ग्यावर जाऊन आलात वाटतं? काय लोबान आहे." गुप्ते नुसते हसले. स्टेनो शांताराम मूळचे संगमनेरचे. त्यांना लहानपणीच्या चर्चमधली साखळीवर झुलणारी धूपदाणी आठवली आणि त्यांनी त्या दिवशी डिक्टेशनमध्ये एकही चूक केली नाही. सहायक सुनीती कांबळे यांना विहार आठवला. संचालक भटनागर साहेबांना कुलदैवताचं देऊळ. साहेबांनी एकतीस वर्षांत प्रथमच विचारलं, "गुप्ते, चाय पियोगे?"

आठवडाभर लोक काम नसताना त्यांच्या टेबलाशी येऊन उभे राहत. कुणी स्टेपलर मागे, कुणी तारीख विचारी. गुप्त्यांना वाटलं, आपण लोकप्रिय आहोत. परफ्यूमच्या तीन टप्प्यांत हा चौथा उल्काने सांगितला नव्हता.

गडबड झाली ती कॅन्टीनमध्ये, बुधवारी, राजमा-चावल संपल्यामुळे. खायला काही नसल्याने लोक बोलू लागले.

"खास दर्ग्यातला लोबान आहे तो," कुरेशी म्हणाले.

"नाही हो, चर्चचा धूप," शांताराम म्हणाले. "मी दहा वर्षं धूपदाणी हलवलीय."

"विहारातली अगरबत्ती आहे ती. मला विचारा," सुनीती म्हणाली.

वाद दोन तास चालला. आपला वास दुसऱ्याचाही आहे हे ऐकून प्रत्येकाला फसवल्यासारखं झालं. संध्याकाळपर्यंत एका गोष्टीवर एकमत झालं: एकाच माणसाने सगळ्यांचा वास घेऊन फिरणं हा कशाचा तरी भंग आहे. कशाचा ते परिपत्रकात सापडलं. 'अन्य प्रकारे.' तक्रारीवर चौदा सह्या झाल्या, त्यांतली शेवटची भटनागर साहेबांची. समन्वय विभागाच्या इतिहासात समन्वय झाल्याचं हे पहिलं कागदपत्र.

*

टिपणी, परिच्छेद ४: तक्रार कर्मचारी कल्याण समितीच्या पुरुष शाखेकडे पाठवावी.

परिच्छेद ५: पुरुष शाखेचे म्हणणे की उक्त सुगंध केवळ पुरुषांचा असल्याचे सिद्ध होत नाही. महिला शाखेकडे वर्ग.

परिच्छेद ६: महिला शाखेचे म्हणणे की उक्त सुगंध केवळ महिलांचा असल्याचे सिद्ध होत नाही. पुरुष शाखेकडे परत.

परिच्छेद ७ ते १९: वरीलप्रमाणे.

परिच्छेद २०: विभागीय चौकशी करावी. चौकशी अधिकारी म्हणून उपसचिव श्रीमती सोनावणे यांची नेमणूक करण्यात येते, कारण त्यांचे नाक निःपक्षपाती आहे. बाटली जप्त करावी.

मे महिन्यात बढतीची समिती बसली. लिफाफा सील झाला.

*

"गुप्ते, मी चौकशी करतेय म्हणून मनात काही नाही ना?" हेमलताबाईंनी विचारलं. आजूबाजूला हिंदी बोलणारं कुणी नव्हतं, म्हणून दोघं मराठीत आले.

"नाही मॅडम. पण तुम्हाला वास येत नाही."

"म्हणूनच नेमलंय. ज्याला येतो तो लगेच एक बाजू घेतो."

"मग ठरवणार कसं?"

"वर्तनावरून. नमुना प्रयोगशाळेत पाठवलाय, तोवर तुम्ही प्रश्नावली भरा."

प्रश्नावलीत एकशे दहा प्रश्न होते. 'सुगंधाचा धर्म' या रकान्यात गुप्त्यांनी 'बाटलीवर नमूद नाही' लिहिलं. तो रकाना रिकामा ठेवता येत नाही आणि तीनपेक्षा जास्त अक्षरं भरता येत नाहीत, या दोन कारणांनी प्रश्नावली जुलैत दोनदा परत आली.

सप्टेंबरमध्ये प्रयोगशाळेचा अहवाल आला. अल्कोहोल, राळ, लाकडाचं तेल. देवदेवता: आढळले नाही, मात्र तपासण्याचे उपकरण नादुरुस्त.

घरी अलकनंदा रोज एकच प्रश्न विचारत होती, "काय हो, लिफाफा उघडला?" करोल बागेतल्या पाटीवाल्याने दोन नमुने काढून दिले होते आणि कुठला करू म्हणून तो तिला दर सोमवारी फोन करत होता. ती त्याला सांगायची, "भैया, एक हफ्ता और."

मधल्या काळात तक्रारी येतच राहिल्या. जूनमध्ये अकरा, ऑगस्टमध्ये सतरा. बाटली मे महिन्यापासून हेमलताबाईंच्या कपाटात कुलूपबंद होती आणि ऑगस्टमध्ये गुप्ते तीन आठवडे रजेवर होते. हे त्यांनी लेखी कळवलं. उत्तर आलं की रजेच्या काळातील वासासाठी पूर्वपरवानगी घ्यायला हवी होती.

*

सुनावणी पंचवीस ऑक्टोबरला ठरली. निवृत्तीला सहा दिवस.

चौदा तक्रारदार रांगेने उभे राहिले. पुरावा प्रत्येक साक्षीदाराला प्रत्यक्ष द्यायचा, असा नियम होता. कसा द्यायचा ते नियमात नव्हतं. हेमलताबाई साताऱ्याच्या. त्यांना अत्तर देण्याची एकच रीत ठाऊक होती, हळदीकुंकवातली. त्यांनी बाटली उघडली, काचेची काडी बुडवली आणि रांगेपुढून निघाल्या.

सुनीतीने न सांगता पालथा हात पुढे केला. शांतारामनेही केला. कुरेशींना अत्तर नवीन नव्हतं, त्यांनीही पालथाच हात दिला. आणखी दोघांनी त्यांचं पाहून तसंच केलं. पाचही जणांनी हात नाकाशी नेला, डोळे मिटले आणि खोलीत दरवळ पसरला.

भटनागर साहेबांनी मात्र पंजा उताणा धरला, त्याची ओंजळ केली, खाली डावा हात लावला. बाईंनी थेंब टाकला. साहेबांनी तो पिऊन टाकला आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. त्यांच्या मागच्या आठ जणांनी साहेबांचं पाहून तसंच केलं.

"कडवा है," साहेब म्हणाले.

हेमलताबाईंनी सगळं लिहून घेतलं. त्या सचोटीच्या बाई. नऊ साक्षीदारांनी कार्यालयाच्या आवारात तीर्थप्राशन केलं, ही नोंद झाली. पाच साक्षीदारांनी अन्य प्रकारे दरवळ निर्माण केला, हीही झाली. संध्याकाळी चौदाही जणांवर चौकशी बसली. त्यांत भटनागर साहेबांची सहसचिवपदाची बढती दोन आठवड्यांवर आली होती. लिफाफ्यांचा साठा कमी पडला म्हणून लग्नपत्रिकांचे मागवावे लागले.

जी चौकशी पाच महिन्यांत हलली नव्हती ती दोन दिवसांत संपली. निष्कर्ष एका ओळीचा होता: समन्वय विभागात कोणताही वास कधीही आलेला नाही. पुष्टी म्हणून सर्वांनी एका प्रतिज्ञापत्रावर सही करायची होती. चौदा सह्या दहा मिनिटांत झाल्या. पंधरावी गुप्त्यांची होती.

"मॅडम, यात लिहिलंय की माझ्या अंगाला कधी वास आलाच नाही."

"हो."

"हे खोटं आहे."

"खोटं कसं? पूर्वलक्षी प्रभावाने खरं आहे. करा सही, गुप्ते. चार दिवस उरलेत."

गुप्त्यांनी पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं.

हेमलताबाईंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एक विचारू? मी सहा महिने त्या बाटलीशेजारी बसलेय. कसा आहे हो तो?"

"सकाळी धुरासारखा. दुपारी जुन्या लाकडासारखा." त्यांनी सवयीने मनगट नाकाशी नेलं. "आणि संध्याकाळी मेट्रोत जनकपुरीच्या पुढे गर्दी उतरली ना, की जो उरतो तो कशासारखाच नसतो. तो बहुतेक माझा असावा. मला खात्री नाही. एकतीस वर्षांत मी तो ऐकला नव्हता."

"ऐकला?"

"उल्का म्हणते, वास ऐकायचा असतो."

बाईंनी मान हलवली, जणू ऐकू आलं. मग कागद त्यांच्यापुढे सरकवला. गुप्त्यांनी सही केली. बाटली पुरावा नसल्याचं ठरल्यामुळे ती नष्ट करण्यात आली. कॅन्टीनच्या मोरीत ओतली, तिथे दोन दिवस चहा प्यायला गर्दी होती.

एकोणतीस तारखेला भटनागर साहेबांच्या खोलीत लिफाफा उघडला. आत कागदावर लिहिलं होतं: गुप्ते, श. वि., अवर सचिवपदासाठी योग्य. आदेश यथावकाश निघेल. टाळ्या वाजल्या. अलकनंदाने करोल बागेत फोन केला आणि तीनच शब्द सांगितले, "भैया, बड़ी वाली." पाटी पितळेची आहे. दारावर लागलेली आहे.

*

फाइल बंद करण्यापूर्वी एक औपचारिकता राहते. पहिल्या पानापासून तुम्ही एकच गोष्ट ताडून पाहत आहात: ते सगळं ठीक, पण गुप्ते यांच्या अंगाला येत होता तो वास खरोखर कुणाचा होता. लिफ्टपाशीच तुमचं उत्तर ठरलं होतं, आणि आमच्या माहितीप्रमाणे कुरेशी बोलले तेव्हा किंवा शांताराम बोलले तेव्हा तुम्ही मनात 'छे' म्हणालात. मूळ तक्रारीवर चौदाव्या सहीच्या खाली जागा आहे. नाव सुवाच्य अक्षरात लिहावं.

अवर सचिवाचं ते पद आदल्या वर्षी नऊ मार्चला रद्द झालं होतं.