सुलेखानं थांबवलेला सिनेमा

अमेरिकेत हर्नडनला अमित आणि सुलेखाच्या बेसमेंटमध्ये महिन्यातून एका रविवारी दुपारी ज्येष्ठ मंडळींना सिनेमा दाखवत. या खेपेला अमितनं लायब्ररीतून जुना हॉलिवूडचा प्रेमपट आणला होता. नायिका पहिल्यांदा चक्कर येऊन पडली, तेव्हा सुलेखाला आठवलं की ती पुढे मरते. आणि पुढच्याच सोफ्यावर गुरुनाथकाका बसले होते. त्यांच्या पत्नीला, लताकाकूंना, जाऊन चार महिनेही झाले नव्हते.

तिनं अमितला कोपऱ्यात ओढलं. "दुसरी डीव्हीडी नव्हती?"

"कव्हरवर दोघं होडीत हसतायत यार. मला काय माहीत?"

सुलेखानं चहा अर्धा तास आधीच आणला. चहा संपल्यावर तिनं हॉस्पिटलचा भाग पळवला, तर प्रेक्षकांतल्या शरयूमावशींनी तो मागे घ्यायला लावला. शेवटी सिनेमा बंद पाडायला अमितनं बेसमेंटचा समजून भलताच ब्रेकर पाडला. सगळ्या घराची वीज गेली आणि चोरांसाठी बसवलेला अलार्म कोकलायला लागला. अलार्म कंपनीचा फोन आला, पण त्यांनी विचारलेला पासवर्ड अमितला आठवेना. दहा मिनिटांत पोलीस दारात.

पोलिसानं घर पाहिलं, वीज सुरू करून दिली. तेवढ्यात काकांनी विचारलं, "सुलेखा, त्या मुलीचं पुढे काय होतं?"

"बरी होते काका. एकदम छान होते."

टेबलावरचं डीव्हीडीचं कव्हर पाहून पोलीस खूश झाला. त्याच्या आईचा हा आवडता सिनेमा. नायिका बिचारी शेवटी मरते आणि आई दर वेळी रडते, असं त्यानं सगळ्यांना इंग्रजीत सांगून टाकलं.

सुलेखानं मान खाली घातली.

"मला वाटलंच होतं," काका म्हणाले. "एकाहत्तर साली आम्ही हाच पाहिला. मी थिएटरात झोपलो. बाहेर आल्यावर लता म्हणाली, बरी झाली ती. डोळे सुजले होते तिचे, पण मी विचारलं नाही." त्यांनी चष्मा पुसला. "लावा आता. मला बघायचंय."

अमितनं सिनेमा लावला. पोलीस जिन्याशी उभा राहिला. काका शेवटपर्यंत ताठ बसून बघत होते. सुलेखा मात्र हुंदके द्यायला लागली. काकांनी नॅपकिनचा गठ्ठा तिच्या हातात दिला.

"नवरा जवळ आहे ना तिच्या," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "मग झालं तर."