जाण्यायेण्याची वीज

पंचनदराव लग्नाच्या पंगतीत तिसऱ्यांदा भात घेत आणि शेजारच्याला कारण सांगत, "पहिला येण्याचा, दुसरा घरी जाण्याचा, हा गळतीचा." भूक लागली म्हणून माणूस जेवतो, हे त्यांना कधी पटलंच नाही.

कुंभकोणमच्या आमच्या शाळेत मी इतिहास शिकवी आणि ते पदार्थविज्ञान. दोघेही तंजावरकडचे मराठी, त्यात घरं भिंतीला भिंत लागून. तेव्हा त्यांच्यापासून सुटका नव्हती. कोणीही कसलाही अंदाज सांगितला की मान तिरकी करून विचारणार, "गळती धरली काय?" दूध उतू जातं, कापड आटतं, पोरं शिकवलेलं विसरतात, म्हणून लागेल त्याहून जास्त भरायचं. हेडमास्तर तर त्यांना पाहिलं की दुसऱ्या दाराने निघून जात.

एका जमीनदाराच्या गोठ्यात कित्येक वर्षं धूळ खात पडलेली, विजेवर चालणारी विलायती मोटार त्यांनी घरी आणली, तेव्हा सगळ्या गल्लीने त्यांना वेड्यात काढलं. बसगाड्यांच्या टाकून दिलेल्या बॅटऱ्या जमवून त्यांनी ती चालती केली. त्या घरच्याच विजेवर भरायच्या. भरणी सुरू झाली की माझ्या घरातले दिवे मलूल होत. मी खिडकीतून चार शब्द सुनावी, आणि पलीकडून त्यांचं पुटपुटणं तेवढं ऐकू येई: बॅटरीत मावतं किती, उरलंय किती, भरताना उष्णतेत जाणार किती.

हा सगळा खटाटोप गोमतीबाईंसाठी, त्यांच्या बायकोसाठी होता. पोटातल्या गाठीने त्यांनी अंथरूण धरलं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. त्यांना एकदा माहेर पाहायचं होतं, तिरुनीलक्कुडीचं भावाचं घर. बैलगाडीचे हिसके सोसणार नव्हते, बसमध्ये आडवं होता येत नव्हतं. ही मोटार मात्र लोण्यातून सुरी जावी तशी चाले. पण भावाच्या गावात वीज नव्हती. जाण्याची आणि येण्याची, दोन्ही घरूनच भरून न्यायला हवी होती, आणि तेवढी काही केल्या हिशेबात बसेना.

"मला जाण्याचीच पोदुम," गोमतीबाई म्हणाल्या. पोदुम म्हणजे पुरे. "येण्याचं राहूं द्या."

"ऐसं बोलूं नको. येण्याची धरल्यावांचून मी गाडी हलवीत नाही."

मला संताप आला. "अहो, परतताना मेव्हणे बैल जुंपून देतील की."

"गाडी येईल तैसी," ते म्हणाले. "ही कैसी येईल?"

त्यांच्या लेखी गोमतीबाई परत येणारच होत्या. माणूस इतका शिकलेला, आणि समोरचं दिसू नये, याची मला चीड येई. पोंगल गेला. ते स्वामीमलैच्या मूर्ती ओतणाऱ्यांकडून शिसं आणून बॅटऱ्यांच्या पट्ट्या सांधत बसले. पंगुनीचा महिना उलटून उन्हाळा लागला. शेवटी वैद्यांनी सांगितलं, आता थांबू नका.

त्या सकाळी अंदाज न बसताच पंचनदरावांनी गाडी काढली. गोमतीबाईंना मी उचलून मागच्या बाकावर निजवलं. हातात वजन असं काही आलंच नव्हतं.

भाताच्या शेतांमधून आम्हां तिघांना घेऊन गाडी मुकाट्याने गेली. भाऊ दारातच उभा होता. "अक्का, घर आलं," तो म्हणाला. त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कोण?"

दुपारी त्या गेल्या.

नदीकाठचं उरकून आलो तेव्हा उन्हं कलली होती. ओल्या धोतरानेच पंचनदरावांनी गाडीचं बाक उचललं आणि बॅटरीतलं तेजाब काचेच्या नळीत ओढून घेतलं. आतला तरंगता काटा किती वर राहतो, त्यावरून उरलेली वीज कळते. त्यांनी नळी डोळ्यांपुढे धरली, रिकामी केली, पुन्हा भरली.

"पुष्कळ उरली आहे," ते म्हणाले. "घरापर्यंत पुरेल."

"मग इतके दिवस हिशेबात बसत कां नव्हती?" मी विचारलं.

"ती पहिल्यासारखीच आहे ऐसं धरलं मी. तिचं वजन तेंच. माहेरीं येताना आणायची त्या दोन ट्रंका, लोणच्याच्या बरण्या, सगळं धरलं." त्यांनी नळीतलं तेजाब परत बॅटरीत सोडलं. "पोंगलालाच आणतां आलं असतं रे तिला. तेव्हां ती भावाला ओळखत होती."