मास्तरांच्या हिरड्यांना पडलेले खिसे

साठी उलटलेल्या माणसाकडे मिरवण्यासारखं काय असतं? कोणी नातवंडं मिरवतं, कोणी पेन्शन. टेलरमास्तर दात मिरवायचे!

"बत्तीसच्या बत्तीस! एक कीड नाही, एक चांदी नाही. आणि दातांच्या डॉक्टरचं तोंड आजवर पाहिलेलं नाही!" असं म्हणून ते कचकन दातांनी दोरा तोडून दाखवायचे. कात्री समोरच पडलेली असायची. पण कात्रीने दोरा कोणीही तोडेल, त्यात कसलं आलंय कौतुक?

हल्ली ते कौतुक बघायलाही कोणी नसायचं. दुकान एका खोलीचं. शिलाईचं मशीन, कापायचं टेबल, उभा आरसा आणि एक स्टूल. बायको होती तेव्हा दुपारी डबा घेऊन यायची आणि त्या स्टुलावर बसून काजं करायची, बटणं लावायची, मास्तरांच्या चुका काढायची. चार वर्षांपूर्वी ती गेली. मूलबाळ नव्हतं. चुका आता मास्तरांच्या मास्तरांनाच काढाव्या लागत, आणि स्वतःच्या चुका काढायला माणूस कधी मन लावून बसतो का?

गिऱ्हाइकं येत, पण पूर्वीसारखी रेंगाळत नसत. मास्तर गळ्याचं माप घ्यायला पुढे झाले की समोरचा मान अशी मागे न्यायचा, की पंधराचा गळा साडेपंधरा भरायचा! छातीचं माप घेताना तर लोक श्वासच रोखून धरत. मास्तर मनाशी म्हणायचे, 'जो तो पोट लपवायला बघतोय!' पुढे गिऱ्हाइकं आणखी कमी झाली. त्याचं खापर त्यांनी तयार कपड्यांच्या दुकानांवर फोडून टाकलं आणि ते मोकळे झाले.

मग एका सकाळी आक्रीत घडलं. मास्तरांनी सवयीने दोरा दातांत धरला, हिसका दिला, आणि दोरा तुटला नाही. दात हलला! दोरा बघतात तर पांढऱ्याचा लाल झालेला.

तसं रक्त नवीन नव्हतं. दात घासताना गेली तीन-चार वर्षं यायचंच. मास्तरांनी त्यावर साधा उपाय केला होता: जिथून रक्त येतं तिथे ब्रश लावायचाच नाही! दुखत नव्हतं, मग विषय संपला. पण दात हलणं म्हणजे थेट इभ्रतीचा प्रश्न. दुकानाला कुलूप लावून ते कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन बसले.

तिथे आधी एक फॉर्म हातात आला. नाव, वय, आजार सगळं झरझर लिहिलं. शेवटच्या ओळीला मात्र पेन अडलं. 'तातडीच्या वेळी कोणाला कळवावे? जवळच्या व्यक्तीचा फोन.' मास्तरांनी डोकं खाजवलं. बहीण होती, ती वारली. मित्र होता, तो मुलाकडे परगावी गेला. रकाना रिकामा ठेवणं बरं दिसेना. शेवटी त्यांनी स्वतःचाच नंबर लिहिला. जवळच्या जवळ!

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हाताने हलक्या होत्या. एक बारीक सळई हिरडीत सरकवत त्या मदतनीस बाईंना आकडे सांगू लागल्या, "चार. पाच. पाच. सहा." मास्तरांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. जन्मभर हेच तर केलं!

"कसलं माप घेताय, बाई?"

"खिशांचं."

"खिशांचं?"

"हिरडी दातापासून सुटली की मधे खिसा तयार होतो. त्यात घाण साचते, साचून दगडासारखी होते आणि आतल्या आत हाड झिजतं. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. तुमचा हा इथला सहा आहे."

"कमाल आहे! चाळीस वर्षं लोकांना खिसे लावले, आणि मला कोणी कधी लावले ते कळलंच नाही!"

बाई हसल्या. मग हलकेच म्हणाल्या, "तोंडाला वास येतो, असं घरी कोणी बोललं नाही?"

मास्तर विनोद करायला गेले. ओठावर आलेला विनोद जागीच विरघळला. "घरी तसं बोलणारं... नाही कोणी," ते म्हणाले, आणि छताच्या दिव्याकडे बघत राहिले. तीन-चार वर्षांतल्या मागे गेलेल्या सगळ्या माना त्यांना त्या दिव्यात दिसायला लागल्या.

बाईंनी सगळं नीट समजावलं. रक्त येतं तिथेच ब्रश फिरवायचा, मऊ, हिरडीच्या कडेने. दातांच्या फटींतून रोज दोरा घालायचा.

"किती नंबरचा?" मास्तरांनी तत्परतेने विचारलं.

"शिलाईचा नाही हो! दातांचा वेगळा मिळतो."

आज उजवी बाजू साफ करायची, पुढच्या आठवड्यात डावी, असं ठरलं. इंजेक्शन झालं, खरवडणं झालं. निघताना बाई म्हणाल्या, "तीन-चार तास तोंड बधिर राहील. काही चावू नका, गरम पिऊ नका. दुखायला लागायच्या आत ही गोळी एक घ्या आणि सरळ घरी जाऊन पडा."

गोळी मास्तरांनी औषधाच्या दुकानातच गिळली. दुकानदाराने पट्टी कात्रीने अर्धी कापून दिली होती. किती वाकडी कापली होती! मास्तरांना बघवेना. पण घरी जाऊन पडणं काही त्यांना जमण्यासारखं नव्हतं. घरी पडलं की पडून राहायचं. उठवायला कोण येतंय? शिवाय बारा वाजता वकीलसाहेब कोटाच्या फिटिंगला येणार होते. मास्तर तडक दुकानात आले आणि पट्टी टेबलावर टाकून कामाला लागले.

वकीलसाहेब वेळेवर आले. काळा कोट चढवला. एकच बाही लागलेली, दुसरी नुसती कच्च्या टाक्यांवर लटकलेली. मास्तरांनी सवयीने सात टाचण्या ओठांत धरल्या. नेहमी सातच, मोजून! आणि ते पाठीमागे गेले. इथे चिमटा, तिथे दुमड, एक एक टाचणी लागत गेली. काम संपलं. कोटाच्या टाचण्या मोजल्या: सहा. पुन्हा मोजल्या: सहा. तोंडात टाचणी असली तर कळायला तोंड ताळ्यावर हवं ना! जीभ शेजाऱ्याकडून उसनी आणल्यासारखी पडली होती. बोट घालून चाचपलं, जमीन धुंडाळली, टाचण्या टोचायची उशी पाहिली. कुठेच नाही. मास्तरांच्या पोटात गोळा आला, आणि पाठोपाठ वाटलं, गोळ्याच्या जोडीला टाचणीही आलेली आहे!

"थाथनी!" मास्तर ओरडले.

"काय?" वकीलसाहेब दचकले.

"थाथनी! आथ गेली!" मास्तरांनी छातीवर बोट आपटून दाखवलं.

"टोचणी? मनाला टोचणी लागलीय?"

मास्तरांनी जोरजोरात मान हलवली, नाही म्हणून. पण मान नाही म्हणते आहे की थरथरते आहे, ते त्या वेळी देवालाही कळलं नसतं. वकीलसाहेबांनी निरखून पाहिलं. तोंड एका बाजूला लोंबलेलं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. डोळ्यांत पाणी. आणि टेबलावर अर्धी कापलेली गोळ्यांची पट्टी! वकिलाचं डोकं ते, पुरावे जुळायला कितीसा वेळ लागतो?

"मास्तर! हे काय करून बसलात! गिळलंत तुम्ही?"

"गिलली! गिलली!" मास्तर आनंदाने म्हणाले. एकदाचं कोणाला तरी समजलं!

पुढच्या मिनिटाला दोघं टॅक्सीत होते. वकीलसाहेब दीड बाहीच्या कोटात, मास्तरांचा हात घट्ट धरून. गळ्यात पडायचं तेवढं बाकी होतं.

"जोरात घ्या हो! म्हाताऱ्याने गोळ्या खाल्ल्यात!" ते ड्रायव्हरला म्हणाले.

"गोल्या नाय! थाथनी!"

"कळलं, मास्तर, कळलं. टोचणी मलाही लागलीय. दहा वर्षं कपडे शिवतोय तुमच्याकडे. वहिनी गेल्या, आणि मी एकदा विचारलं नाही, की बाबा जेवतोस कुठे, बोलतोस कोणाशी..." तेवढ्यात गाडी खड्ड्यातून गेली. "आई गं! बघा, इथे, अगदी काळजाच्या मागे टोचतंय!"

हॉस्पिटलात धावपळ उडाली. सिस्टरनी विचारलं, "नातेवाईक कोण?" वकीलसाहेबांनी मास्तरांच्या काखेतली, निघताना उचललेली दातांच्या दवाखान्याची फाइल उघडली आणि आतला फॉर्म काढला. "हा घ्या नंबर! जवळची व्यक्ती!" सिस्टरनी फोन लावला. रिंग गेली. आणि फोन मास्तरांच्याच खिशात वाजला!

मास्तरांनी आज्ञाधारकपणे फोन काढला, कानाला लावला आणि समोर उभ्या असलेल्या सिस्टरना म्हणाले, "हॅलो?"

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी फोन ठेवला आणि पडदा ओढून घेतला. ड्यूटीवरचे डॉक्टर वयाने पोरसवदा होते. ते खुर्ची ओढून मास्तरांच्या अगदी जवळ बसले. जवळ! मान मागे न नेता!

"काका, घाबरू नका. एकच सांगा. फार एकटं वाटतं का?"

मास्तर 'टाचणी' म्हणायला तोंड उघडत होते. प्रश्न ऐकला आणि टाचणी राहूनच गेली. चार वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. लोक माप देत होते, कापड देत होते आणि जात होते.

"हो," मास्तर म्हणाले. 'हो' म्हणायला ओठ लागत नाहीत, जीभ लागत नाही. ते अगदी स्पष्ट आलं.

"झोप लागते?"

मास्तरांनी हात हलवून दाखवला. कधी लागते, कधी नाही.

"कोणाशी बोलता?"

मास्तरांनी खूप विचार केला आणि हवेत मशीनचं पायडल मारून दाखवलं. मशीनशी. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मास्तर सांगत गेले, हातांनी, अर्ध्या जिभेने. बायकोचं, डब्याचं, स्टुलाचं. पाच मिनिटं गेली. मग एकदम ते ताडकन उठून बसले. पोटात टाचणी आहे आणि आपण गप्पा काय मारतोय! खुणेने पेन मागितलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: 'टाचणी गिळली. गोळी एकच. दातांच्या डॉक्टरांनी दिलेली.'

डॉक्टरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. एक्स-रे निघाला. घसा स्वच्छ, छाती स्वच्छ, पोट स्वच्छ! टाचणी कुठेच नाही. ते ऐकून वकीलसाहेबांनी सुटकेने बाहेरच्या बाकावर धपकन पाठ टेकली.

त्यांच्या किंकाळीने अख्खा मजला गोळा झाला. सिस्टरनी कोटाच्या आतल्या अस्तरातून, डाव्या खांद्याखालून, सातवी टाचणी ओढून काढली.

"म्हणजे ती टोचणी..." वकीलसाहेब पुटपुटले.

"थाथनी," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी मास्तरांना पुढच्या आठवड्यात नुसतं बोलायला यायचं बजावून सोडलं. दोघं चालतच परत निघाले. मास्तरांचं तोंड हळूहळू ताळ्यावर येत होतं. वकीलसाहेब म्हणाले, "मास्तर, रागावणार नसाल तर एक सांगू? तुमच्या तोंडाला... म्हणजे माप देताना मी श्वास धरून ठेवायचो. तीन वर्षं झाली."

"आज कळलं मला. सांगितलं का नाहीत?"

"असं तोंडावर कसं सांगायचं? हे सांगायचं काम घरच्या माणसाचं."

मास्तर चालता चालता त्यांच्याकडे वळले. मग म्हणाले, "खरं सांगू, साहेब? तुमच्याही येतो."

वकीलसाहेब जागच्या जागी थांबले. "काय सांगता! मग तुम्ही का नाही बोललात?"

"गिऱ्हाईक तुटेल म्हणून."

आणि गिऱ्हाईक खरोखरच तुटलं! कोट घेऊन गेले ते वकीलसाहेब दोन महिने फिरकले नाहीत. इकडे मास्तरांनी उपचार नेटाने पुरे केले. डावी बाजू झाली, मऊ ब्रश आला, दातांचा दोराही आला. पुन्हा माप घेतलं तेव्हा बाई सांगत होत्या, "तीन. दोन. तीन. हा चार." रक्त थांबलं, दात हलायचा कमी झाला. गिऱ्हाइकांचे गळे पंधराचे पंधरा भरू लागले. हॉस्पिटलच्या डॉक्टरांकडेही मास्तर चारदा जाऊन बोलून आले. तरीही दुपारी स्टूल रिकामंच असायचं. हिरड्या भरून येतात, बाकीच्या जागा इतक्या लवकर भरत नाहीत.

एका शुक्रवारी दारात वकीलसाहेब उभे! गाल सुजलेला, ओठ लोंबलेला. सरळ येऊन स्टुलावर बसले. मास्तरांनी एका नजरेत ओळखलं: इंजेक्शन! मग वकीलसाहेबांनी हातवारे करत एक भलंमोठं वाक्य टाकलं. त्यात 'आई' एवढंच काय ते हाती लागलं. बाकी सगळी वाफ. पण समोरच्याने भलताच अर्थ लावला की काय होतं, ते मास्तर भोगून चुकले होते. त्यांनी अर्थ लावलाच नाही. "हो, हो. नक्की!" म्हणाले. वकीलसाहेब खूश होऊन गेले.

रविवारी दुपारी मास्तरांनी एकट्यापुरतं रांधलं, पोटभर जेवले, ताट धुऊन पालथं घातलं. आता आडवं व्हायचं, एवढ्यात फोन वाजला.

"अहो मास्तर, आहात कुठे? कबूल केलंत ना परवा, रविवारी जेवायला येतो म्हणून? आई तुमच्यासाठी जेवायची थांबलीय, पानं वाढून तयार आहेत!"

मास्तरांनी घशाशी आलेला ढेकर तिथल्या तिथे दाबला.

"हा काय, वाटेतच आहे!" ते म्हणाले आणि चपला शोधायला लागले.